सुरीचं अक्षर

"ह्ये बंद हाय, म्याडम."

दस्तगीरमामांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की मी जणू त्यांना त्यांच्याच घराचा पत्ता विचारला होता. मी नुकतंच फळ्यावर एक जपानी अक्षर काढलं होतं आणि चेहऱ्यावर भरपूर गूढ आणून समोरच्या सहा जणांना विचारलं होतं, "हे काय असेल बरं?" हा प्रश्न मी पुण्यात दोन वर्षं विचारत आले होते. उत्तर कुणालाच येत नाही, मग मी ते सांगते, मग सगळे "वा!" म्हणतात, असा तो ठरलेला कार्यक्रम असे. कुणी उत्तर देईल अशी त्यात सोयच नव्हती.

"बंद?" मी विचारलं.

"व्हय. आनि काल तुमी त्ये तंबूगत काढलासा, त्ये चालू."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगतंय कोन? बटनावर हाय की. ह्ये दाबलं की मशीन बंद पडतंय, त्ये दाबलं की चालू हुतंय."

मी हसले. शिकलेली माणसं अशा वेळी जसं हसतात, तसं. "मामा, अक्षर असं अंदाजाने वाचायचं नसतं. नीट बघा. उजवीकडे काय दिसतंय? ही सुरी. सुरीचं काम काय? कापणं. म्हणून याचा अर्थ 'कापणे'. आणि कालचं तंबूचं अक्षर, त्याचा अर्थ 'आत घालणे'. चालू-बंद वगैरे काही नाही."

"वा!" बसगोंडा पाटील म्हणाला. कार्यक्रम रुळावर आला.

मामांनी एकदा फळ्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून वहीत लिहून घेतलं, 'सुरी – कापने'.

ही गोष्ट इचलकरंजीतली, एकोणीस वर्षांपूर्वीची. सुकुमार मगदूम या कारखानदारांनी जपानमधल्या एका बंद पडलेल्या गिरणीचे चोवीस माग विकत आणले होते. धोटा नसलेले, हवेच्या झोताने धागा फेकणारे. मागांपाठोपाठ एक जपानी गृहस्थ आले, चार दिवस राहिले, माग जोडून दिले, दारावरच्या रखवालदारापासून सगळ्यांना कमरेतून वाकून नमस्कार केला आणि निघून गेले. मागे उरल्या जपानी पुस्तकांच्या दोन पेट्या आणि मागांवर जिथं तिथं चिकटवलेल्या लाल-पिवळ्या पट्ट्या. त्या वाचणार कोण? मगदूमांनी पुण्यात चौकशी केली आणि त्यांना मी मिळाले. एकेकाचं नशीब असतं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. मंजिरी ठोसर, जपानीच्या दुसऱ्या पातळीची परीक्षा उत्तीर्ण, शिष्यवृत्तीवर जपानच्या एका लहानशा गावात दहा महिने राहून आलेली, आणि त्या दहा महिन्यांवर पुढची चाळीस वर्षं बोलण्याची तयारी असलेली. "आम्ही जपानमध्ये असताना" या शब्दांनी सुरू न होणारं वाक्य मला त्या काळात सुचत नसे. घरात बूट घालून आलेल्या पाहुण्यांकडे मी ज्या नजरेने बघायचे, त्यामुळे आमच्याकडे पाहुणे येणंच कमी झालं होतं.

"मॅडम," पहिल्या दिवशी मगदूम म्हणाले होते, "यांना जपानी बोलायला शिकवू नका. बोलणार कुणाशी? मशीनवर काय लिहिलंय तेवढं वाचता आलं म्हणजे झालं."

"साहेब, भाषा अशी तुकड्यातुकड्यांनी शिकता येत नाही," मी म्हणाले. "पाया लागतो."

पाया या शब्दापुढे कारखानदारसुद्धा गप्प बसतो. सहा आठवडे ठरले, रोज सकाळी दोन तास, मागांच्या शेडवरच्या खोलीत. मी रंगीत पेनांनी वेळापत्रक आखलं. पहिल्या आठवड्यात स्वतःची ओळख करून देणे, दुसऱ्यात अक्षरांमागची चित्रं, तिसऱ्यात हवामान, आणि मशीनवरच्या पट्ट्या अगदी शेवटी, सहाव्या आठवड्यात. आधी आल्या असत्या तर पायाचा अपमान झाला असता.

त्यामुळे पहिला आठवडाभर सहा धट्टेकट्टे जॉबर, म्हणजे माग जुळवणारे-दुरुस्त करणारे कारागीर, एकामागून एक उभे राहून जपानीत स्वतःचं नाव, गाव आणि छंद सांगत होते. दस्तगीर मोमीन पन्नाशीचे, घरात तीन पिढ्यांचं मागाचं काम. त्यांना छंद विचारला तर ते म्हणाले, "माग." मी म्हणाले, "ते काम झालं, छंद सांगा." बिचाऱ्यांनी शेवटी 'पोहणे' असं सांगितलं. दस्तगीरमामांचा छंद कोणता हे समजून घ्यायला ते चोवीस माग समुद्र ओलांडून आले नव्हते, ही शंका मला शिवलीसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी मामांनी हळूच विचारलं होतं, "म्याडम, खाली येऊन एकेक पट्टी वाचून दावला तर?"

"येणार, मामा, येणार. सहाव्या आठवड्यात."

खरं कारण असं की मी एकदाच खाली गेले होते. कान फुटेल असा आवाज, केसात कापसाचे तंतू, आणि ज्याच्याशी बोलावं त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. तिथे अक्षरांचं सौंदर्य कसं समजावणार?

समजावण्यासारखा विद्यार्थी मात्र मला मिळाला होता. बसगोंडा शिरोळकडच्या एका खेड्यातला, तिशीचा, सातवीत शाळा सुटलेला. माझी चित्रं त्याने अशी काही उचलली की बघत राहावं. मागावर बसलेल्या धुळीत तो बोटाने अक्षरं गिरवायचा, जेवणाच्या सुट्टीत इतरांना गोष्टी सांगायचा, "ह्ये बग, ह्यो हात, ह्ये झाड, ह्यो तंबू." माझ्या पद्धतीचा चालताबोलता पुरावाच होता तो. पुण्याला फोन करून मी मैत्रिणीला सांगितलं, "अगं, सातवी पास माणूस, पण दृष्टी बघ!" दृष्टी अर्थात माझी.

बाराव्या दिवशी तास संपला. मी फळा पुसत होते आणि पायाखालची थरथर अचानक थांबली. त्या खोलीची जमीन दिवसभर हलत असे. इतकी सवय झाली होती की ती थांबल्यावर माझाच झोक गेला आणि मी खुर्चीला धरलं. चोवीसच्या चोवीस माग बंद झाले होते.

जिन्यात आले तर खालून दोघं बसगोंडाला धरून बाहेर नेत होते. त्याचा उजवा हात कोऱ्या कापडात गुंडाळला होता आणि ते कापड वरून खालपर्यंत लाल होत चाललं होतं. त्याने वर पाहिलं. मी दिसले. दुखण्याचा चेहरा नव्हता तो. भर वर्गात उत्तर चुकल्यावर होतो, तसा ओशाळा चेहरा होता.

सात नंबरचा माग सकाळपासून सारखा अडत होता. धागा कापणाऱ्या पात्याजवळ कापलेल्या धाग्याचा बोळा अडकला होता. बसगोंडाने झाकण उचललं आणि हात आत घातला. माग थांबलेला होता, पण वीज चालू होती. पलीकडच्या बाजूच्या कामगाराला वाटलं, दुरुस्ती झाली. त्याने बटण दाबलं. दस्तगीरमामा दोन माग पलीकडून धावले आणि बंदचं बटण दाबलं, तोवर व्हायचं ते झालं होतं. तर्जनीचं वरचं पेर गेलं, मधल्या बोटाला सहा टाके पडले.

दुसऱ्या दिवशी मगदूमांनी मला बोलावलं. समोर अपघातांचं रजिस्टर उघडं होतं.

"मॅडम, त्या झाकणावर एक पट्टी आहे. काय लिहिलंय ते मराठीत लिहून द्या. रजिस्टरला जोडायचंय."

म्हणजे मशीनवरची पहिली पट्टी मी वेळापत्रकाच्या चार आठवडे आधी वाचली. मामा मला सात नंबरपाशी घेऊन गेले. पट्टीवर एकच ओळ होती आणि तिचा अर्थ सरळ होता. 'वीज बंद करून मगच निगा राखा.'

'बंद करणे' याला त्यात सुरीचं अक्षर होतं. कापणे हा त्याचा अर्थ आहेच. पण वीज कापली म्हणजे बंद केली, आणि जपानमधल्या कितीतरी बटणांवर 'बंद'ला हेच एक अक्षर असतं. मी दहा महिने रोज रात्री ते बटण दाबून झोपत होते. 'चालू'ला तंबूचं अक्षर असतं. आणि 'निगा राखणे' हा शब्द तिथे दोन अक्षरांनी लिहितात. पहिलं 'हात', दुसरं 'आत घालणे'. दोन्ही जोडली की हात आत घालण्याचा काही संबंध उरत नाही. उद्या एखाद्या जपानी माणसाला मी 'हातखंडा' हा शब्द चित्रं काढून शिकवला, तर तो काय समजेल? नको त्या वेळी नको ती उदाहरणं सुचतात.

बसगोंडाला 'वीज' येत नव्हतं. ती दोन किचकट अक्षरं मी पाचव्या आठवड्यात टाकली होती. बाकीची तीन त्याला पक्की येत होती. कापणे. हात. आत घालणे. धागा कापला गेलाय, हात आत घाल.

"काय लिवलंय?" मामांनी माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं.

मी सांगितलं.

"आसं," ते म्हणाले.

वर येऊन मी सुवाच्य अक्षरात ओळ लिहून दिली. त्या कारखान्यातलं माझं पहिलं अचूक भाषांतर.

मगदूमांनी ते मोठ्याने वाचलं. "वीज बंद करून मगच… म्हणजे सूचना अगदी स्पष्ट होती."

"हो."

"तुम्ही हे शिकवलं होतं त्यांना?"

"अक्षरं शिकवली होती," मी म्हणाले.

वाक्य खरं होतं. म्हणून तर ते इतकं सहज तोंडातून निघालं. मगदूमांनी पेन उचललं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'सूचना स्पष्ट असूनही कामगाराचा निष्काळजीपणा.' मग पेनाला टोपण लावत म्हणाले, "असला माणूस मागावर नको. हात बरा झाला की गोदामात टाकतो, गठ्ठे बांधायला. दवाखान्याचं मी बघतो, तेवढी माणुसकी आहे."

माणुसकीवर माझंही दुमत नव्हतं. मी मान हलवली आणि पुढचे तीन दिवस उरलेल्या पाच जणांना हवामान शिकवलं. "आज हवा छान आहे," ते एका सुरात म्हणायचे. कुणी वर बघत नव्हतं. बसगोंडाची जागा मध्ये रिकामी होती आणि तिच्यावर कुणी सरकून बसलं नाही.

चौथ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. चांगुलपणाने गेले असं म्हणायला मला आवडलं असतं. वर्गात त्या रिकाम्या जागेकडे न बघता शिकवायचा मला कंटाळा आला होता, इतकंच.

पत्र्याच्या दोन खोल्या. त्याची बायको महादेवी चहा ठेवायला आत गेली. बसगोंडा भिंतीला टेकून बसला होता, पट्टी बांधलेला हात उशीवर. मला बघून उठायला लागला.

"बसा, बसा. कसं आहे आता?"

"बरं हाय की. म्याडम, तुमास्नी तोंड दावायची लाज वाटतीया बघा."

"लाज कसली?"

"सायेब म्हनले, पट्टीवर साफ लिवलं हुतं. मग मी काय वाचलो वो?" त्याने डाव्या हाताने हवेत अक्षर काढल्यासारखं केलं. "मला वाटलं हुतं, मला याय लागलंय. त्या दिवशी झाकनावर बगितलं आनि तीन अक्षरं सलग लागली. पयल्यांदाच, कुनाला न इचारता. लई भारी वाटलं म्याडम. मामास्नी हाक मारनार हुतो, पर म्हटलं, कशाला? लिवलंय की हितं."

महादेवीने चहा माझ्यापुढे ठेवला आणि दाराशी उभी राहिली.

"आता आठ दिस तेच इचार करालोय," तो म्हणाला. "आपल्या डोक्यात न्हाईच त्ये. उगंच नाद केला."

दिवस चार झाले होते. मी ते त्याला सांगितलं नाही. दुसरंच सांगितलं.

"बसगोंडा, तुम्ही चुकीचं वाचलं नाहीत. मी शिकवलं तसंच वाचलंत. मीच अर्धं शिकवलं. ते अक्षर तिथे 'बंद करा' म्हणून होतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी आला तो राग नव्हता. सुटल्यासारखा भाव होता. "म्हंजे मला येत हुतं?"

"येत होतं."

"ऐकलीस?" तो बायकोकडे वळून म्हणाला. "मला येत हुतं."

महादेवी त्याच्याकडे बघत नव्हती. "मग त्या पुस्तकात ह्येंचं चुकलं म्हनून का लिवलंय?" तिने मला विचारलं.

मी पुढ्यातल्या कपाकडे पाहिलं.

"लिवलं तवा तुमी हुतासा न्हवं तिथं?"

"होते."

ती पुढे आली, मी हात न लावलेला कप तिने उचलला. "गार झालाय," म्हणाली आणि आत घेऊन गेली. दुसरा आणला नाही.

तिथून मी सरळ मगदूमांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, मॅडम. इन्स्पेक्टर बघतो."

"खोडत नाही. खाली लिहिते."

मी लिहिलं. 'या पट्टीतील अक्षराचा अर्थ शिक्षिकेने अपुरा शिकवला होता. दस्तगीर मोमीन यांनी तो बरोबर सांगितला असता शिक्षिकेने तो चूक ठरवला. कामगाराने शिकवल्याप्रमाणे वाचले.' खाली सही केली. सहीखाली मारायला माझ्याकडे 'जपानी भाषा तज्ज्ञ' असा शिक्का असे. पुण्यात मी तो किराणा सामानाच्या यादीवरसुद्धा मारला असता. तो पर्समध्येच राहू दिला.

मगदूमांनी दोनदा वाचलं. "तुमचं नाव खराब होईल."

"झालंय."

"आणि उरलेले चार आठवडे?"

"खाली शिकवते. मागांपाशी."

ते व्यवहारी माणूस होते. दुसरी जपानीची बाई शोधायची, तीही पायाचं नाव न काढणारी, म्हणजे महिना जाणार. "बघा," ते म्हणाले. मग जरा थांबून, "बसगोंडाला मागावरच घेतो. सांगा त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही जणांना मी सात नंबरपाशी बोलावलं. वीज बंद केली होती. मी स्वच्छ शब्दांत सांगितलं, मामांचं बरोबर होतं, माझं चुकलं. खरं सांगायचं तर हे बोलताना मनाच्या एका कोपऱ्यात मला थोडी आशा होती. एवढी शिकलेली बाई, एवढ्या मोठ्या मनाने चूक कबूल करते, तर कुणीतरी काहीतरी बरं बोलेल. एकजण कानात कापूस घालत होता.

मामांनी खांद्यावरचं फडकं काढून पट्टीवरची धूळ पुसली.

"मला ठाऊक हुतं, म्याडम," ते म्हणाले.

"काय?"

"बंद हाय त्ये. त्या जपान्यानं चार दिस त्येच बटन दाबून दावलं हुतं. तुमी कापनं म्हनलासा, तवाबी ठाऊक हुतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुमास्नी पोरांच्या म्होरं खोटं कसं पाडायचं? एवढं शिकून आल्यालं मानूस." त्यांनी फडक्याची घडी घातली. "बोलाय पायजे हुतं. निदान खाली येऊन बसगोंडाला तरी सांगाय पायजे हुतं. गप बसलो. त्या पुस्तकात तुमच्या खाली माझंबी नाव लिवा. सही येती मला."

मी लिहायला नकार दिला. ते म्हणाले, "मग मीच लिवतो," आणि दुपारी खरोखरच वर जाऊन लिहून आले. मगदूमांनी मला नंतर दाखवलं. मोठमोठ्या मराठी अक्षरांत दोनच शब्द आणि सही. 'ठाऊक होते.'

पुढचे चार आठवडे आम्ही मागामागाने फिरलो. आधी मामा सांगायचे, इथे हात लावला की काय होतं, हे बटण काय करतं. मग मी सांगायचे, त्याला जपानीत काय म्हणतात. आधी धोक्याची अक्षरं, मग मनाईची, मग चालू-बंद, आणि बाकी सगळं नंतर. छंद कुणी विचारला नाही. आजकाल मी याच पद्धतीला 'व्यवहारोपयोगी वाचन' असं भारदस्त नाव देऊन मोठमोठ्या कंपन्यांत शिकवते आणि लोक शेवटी टाळ्या वाजवतात. ही पद्धत मॅडमना कशी सुचली, असं विचारतात. अनुभवातून, असं मी सांगते. बोट कुणाचं होतं ते सांगत नाही.

बसगोंडा पाचव्या आठवड्यात कामावर आला. बुडालेलं सगळं त्याने आठ दिवसांत भरून काढलं. उजव्या हाताची दोन बोटं ताठ ठेवून डाव्या हाताने लिहायला शिकला. शेवटच्या दिवशी मी त्याला एकट्याला घेऊन चोवीसही माग फिरले. एकही पट्टी त्याची चुकली नाही.

फक्त प्रत्येक पट्टी वाचून झाली की तो थांबायचा, मान वळवून मामा कुठे दिसतात ते बघायचा आणि विचारायचा, "ह्येच न्हवं?"

"हेच," मी म्हणत होते. "बरोबर आहे बसगोंडा, हेच."

तो माझं ऐकून घ्यायचा, आणि तरी मामांनी लांबून मान हलवेपर्यंत पुढच्या मागाकडे जात नव्हता.